पोळता वासा : मराठी साहित्यातील जळालेले घर

१

‘जळत्या घराचा पोळता वासा’ ही म्हण मराठीत फार जुनी आहे. सर्वस्वाचा नाश होत असताना हाती लागेल तेवढे वाचवावे, आणि वाचलेल्यालाच लाभ समजावे, असा तिचा व्यवहारी अर्थ कोशांतून दिला जातो. परंतु या म्हणीतील प्रतिमा व्यवहाराच्या पलीकडे जाणारी आहे. वासा हा छपराचा आधार असतो. तो घरापासून वेगळा काढला की त्याचा घर म्हणून उपयोग संपतो, नुसते लाकूड उरते. शिवाय तो पोळता आहे, म्हणजे वाचवणाऱ्याचा हात भाजणार आहे. जे वाचले त्याची किंमत वाचवताना मोजावी लागली, आणि जे वाचले ते पुन्हा घर होऊ शकत नाही, हे दोन्ही अर्थ या चार शब्दांत एकवटले आहेत. घर जळून जाण्याचा अनुभव साहित्यात कसा उतरतो, या प्रश्नाचा विचार करताना ही म्हण उपयोगी पडते. कारण अशा अनुभवावर लिहिलेले प्रत्येक पुस्तक हे एका अर्थी पोळता वासाच असते.

आगीत घर गमावणे हा अनुभव मानवी जीवनाइतका जुना असला तरी तो सर्वांना सारखा येत नाही. म्हैसूर शहराच्या इतिहासातील दोन आगी येथे शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १८९७ साली राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या विवाहसमारंभाच्या काळात तेथील जुना लाकडी राजवाडा जळून गेला. राजघराण्याने हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाकडे नव्या वाड्याचे काम सोपविले आणि १९१२ साली तो पूर्ण झाला. आज जगभरचे प्रवासी जो राजवाडा पाहावयास जातात तो हा दुसरा वाडा होय. पहिल्या वाड्याची आठवण अभ्यासकांपुरतीच उरली आहे. हूटगळ्ळीसारखी भोवतालची गावे औद्योगिक वसाहती होऊन ज्याला येऊन मिळाली आहेत, त्याच शहरात एप्रिल २०२१मध्ये दुसरी आग लागली. राजीवनगर भागात एका रोजंदारी कामगाराने स्वतःच्या तुटपुंज्या कमाईतून चालविलेले सार्वजनिक वाचनालय तिच्यात भस्मसात झाले. सुमारे अकरा हजार पुस्तके गेली, आणि त्यांत बहुसंख्य कन्नड होती. हा गृहस्थ स्वतः शाळेत शिकू शकला नव्हता. दुसऱ्यांनी वाचावे म्हणून त्याने ग्रंथ जमविले होते. ते त्याचे राहते घर नव्हते. परंतु माणूस आपले आयुष्य जेथे साठवितो त्याला घर म्हणावयाचे, तर ते त्याचे घरच होते.

दोन्ही आगींत लाकूड आणि कागद सारखेच जळाले. फरक पडला तो नंतर. एकीकडे खजिना होता, तर दुसरीकडे अनोळखी वाचकांनी देऊ केलेली पुस्तके आणि पैसे. आगीचे वर्णन करणे साहित्याला फारसे अवघड नाही. ज्वाळा, धूर, आक्रोश यांची शब्दकळा तयारच असते. घर कोणाचे होते, ते कोणी जाळले, त्यात त्याला मोलाचे काय होते आणि नंतर तो कोठे गेला, या प्रश्नांची उत्तरे देताना लेखकाची खरी परीक्षा होते. मराठी साहित्याने ही परीक्षा कशी दिली याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

मराठी मनाने घराची कल्पना कशी केली आहे, हे आधी पाहिले पाहिजे. सोपा, माजघर, देवघर, बळद, कणगी, उतरंड, फडताळ, कोनाडा, माळा असे कितीतरी शब्द आपल्या भाषेत आहेत, आणि त्यांतील प्रत्येक शब्दाने घरातील वस्तूंची एक जागा ठरवून दिली आहे. धान्य कोठे, तांब्यापितळेची भांडी कोठे, लग्नातला शालू कोठे, आजोबांच्या हस्ताक्षरातील पोथी कोणत्या बासनात, हे घरातील बाईला अंधारातही सांगता येते. घर जळते तेव्हा वस्तूंबरोबर वस्तूंची ही जागा जाते. भांडी नवी आणता येतात, परंतु हात जेथे आपोआप जात असे तो कोनाडा आणता येत नाही. घर गमावलेल्या माणसांच्या बोलण्यात मोठ्या ऐवजापेक्षा एखाद्या अडकित्त्याचा किंवा पाटाचा उल्लेख अधिक येतो, त्याचे कारण हेच असावे.

घरबांधणीची तऱ्हाही येथे विसरता येत नाही. पेंढ्याने शाकारलेले छप्पर एका ठिणगीने जाऊ शकते. देशावरचे मातीचे माळवद सहसा वरून पेटत नाही. त्याच्या पोटातील तुळया, खांब आणि दारे पेटावी लागतात. ती पेटली की वरची माती खाली येते आणि घर स्वतःच्याच ढिगाऱ्याखाली पुरले जाते. शहरातील वाडे लाकडाचे सांगाडेच असत. शनिवारवाड्याचे काम १७३२ साली पूर्ण झाले, आणि १८२८च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीने त्याचे महाल नाहीसे केले. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. आज ती जोती पाहणारा मनुष्य घर पाहत नाही, घराचा नकाशा पाहतो. १८७९च्या मे महिन्यात बुधवारवाडा जाळला गेला. तेथे असलेल्या ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’लाही, म्हणजे आजच्या पुणे नगर वाचन मंदिराच्या पूर्वरूपाला, त्या आगीची झळ लागली. विश्रामबागवाड्यालाही त्याच वेळी आग लावण्यात आली.

वाडा जळणे म्हणजे या मुलखात केवळ वास्तू जळणे नव्हे. महाराष्ट्राचे दप्तरखाने घरांच्या माळ्यांवर होते. १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करू लागलेल्या इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जे कागद मिळविले, ते अशाच घरांतून, रुमालांत बांधलेले. वाळवी, ओल आणि आग या तीन शत्रूंच्या तडाख्यातून जे सुटले तेवढ्यावर आपला इतिहास उभा आहे.

एवढे असूनही जुन्या गद्यात जळालेल्या घराचा धनी फारसा दिसत नाही. बखरींमध्ये पेठा लुटल्या जातात, ठाणी जाळली जातात, मुलूख बेचिराख होतो. ही विजयाची किंवा पराजयाची भाषा आहे. तिच्यात आग हे लष्करी कृत्य असते, आणि जळणाऱ्या घरात कोण राहत होते हा प्रश्न तिला पडत नाही. यात बखरकाराचा दोष काढण्याचे कारण नाही, कारण तो राज्याचा वृत्तान्त लिहीत होता. परंतु घर जळालेल्या माणसाच्या बाजूने पाहण्याची दृष्टी मराठी साहित्याला परंपरेने आयती मिळाली नाही, ती घडवावी लागली, हे यावरून ध्यानात येते.

३

ही दृष्टी घडविण्यात ललितेतर लेखनाचाही वाटा आहे, आणि त्यात इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ या ग्रंथाचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढील वर्षी साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळालेल्या या ग्रंथातील ‘मयसभा’ हा लेख खांडववनाच्या दहनाचा विचार करतो. परंपरेने हा प्रसंग अग्नीची तृप्ती म्हणून सांगितला होता. इरावतीबाईंनी त्या वनात राहणाऱ्या जिवांकडे पाहिले, आणि कृष्णार्जुनांसारख्या नायकांच्या हातून झालेल्या या निर्दय कृत्यामागे वस्तीसाठी भूमी मोकळी करण्याची प्रेरणा असावी, असा अर्थ लावला.

या लेखाचे वाङ्मयीन महत्त्व त्याच्या शीर्षकातच आहे. महाभारताप्रमाणे त्या आगीतून जे मोजके जीव वाचले त्यांत मयासुर हा एक होता. जीवदान मिळाल्याच्या कृतज्ञतेतून त्याने पांडवांसाठी अद्भुत सभा बांधली. म्हणजे भारतीय काव्यातील एक अतिशय सुंदर वास्तू बांधणारा स्वतः आगीतून वाचलेला निर्वासित आहे, आणि ती वास्तू दुसऱ्यांची घरे जाळून मिळविलेल्या राज्याची शोभा आहे. पुढे पांडवांनी ती द्यूतात गमावली. घर, आग आणि वैभव यांचे हे नाते एकदा ध्यानात आले की कोणत्याही सुंदर वाड्याकडे पूर्वीइतक्या निरागसपणे पाहता येत नाही. जळालेल्या घराच्या साहित्याचा विचार करताना ही अस्वस्थता बरोबर बाळगणे आवश्यक आहे, कारण गमावलेल्या घराविषयीचे दुःख खरे असले तरी ते घर निष्पाप होते असे त्यावरून सिद्ध होत नाही.

४

मराठी कादंबरीत हा अनुभव मध्यवर्ती झाला तो व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘वावटळ’मध्ये. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी पुण्याचा आणि ब्राह्मण होता, हे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांवर, दुकानांवर आणि छापखान्यांवर जमाव चालून गेले. खेड्यापाड्यांतील कितीतरी घरे जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. तयार होत असलेला ‘मीठभाकर’ हा चित्रपटही त्यात गेला, आणि भालजींनी तो पुन्हा चित्रित करून पुढे आणला. मोलाची वस्तू गमावल्यावर तीच वस्तू पुन्हा पहिल्यापासून करावयास घेणे, हा एक दुर्मीळ प्रतिसाद होय. शेतकऱ्याला बैल, गृहिणीला घर किंवा पंडिताला हस्तलिखित असे ‘पुन्हा’ करता येत नाही.

एवढी मोठी उलथापालथ होऊनही मराठी साहित्यात तिचे पडसाद फार थोडे उमटले. ‘वावटळ’ आली ती १९६४मध्ये, म्हणजे घटनेनंतर सोळा वर्षांनी. मॉरीन पॅटरसन यांच्यासारख्या अमेरिकन अभ्यासिकेने १९४८च्या या घटनांचा शोध प्रसिद्ध केला तो तर १९८०च्या दशकात. हे मौन समजून घेण्यासारखे आहे. ज्यांची घरे जळाली त्यांना बोलणे अवघड होते, कारण आपले दुःख सांगणे म्हणजे राष्ट्रपित्याच्या हत्येपुढे आपल्या खांबा-तुळयांचे गाऱ्हाणे मांडणे ठरेल, असे भय होते. ज्यांनी जाळली, किंवा जळताना पाहिली, त्यांनाही बोलणे सोयीचे नव्हते. उभय बाजूंना मौन सोयीचे असले की घटना इतिहासातून नाहीशी होत नाही, ती घराघरांतून कुजबुजीच्या रूपाने राहते. कुजबुजीतून राग पुढच्या पिढीकडे जातो, समज जात नाही. साहित्याचे काम येथे सुरू होते.

माडगूळकरांचा हा मुलूख होता. पूर्वीच्या औंध संस्थानातील आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील माडगूळ येथे १९२७ साली त्यांचा जन्म झाला. १९४९च्या ‘माणदेशी माणसं’ने त्यांनी त्या कोरड्या प्रदेशातील माणसे मराठी वाचकांसमोर आणली होती. ती माणसे, त्यांचे दारिद्र्य, त्यांचा विनोद आणि त्यांची माया यांच्याविषयी ज्याने इतक्या आत्मीयतेने लिहिले, त्याच लेखकावर त्या मुलखातील जाळपोळ लिहिण्याची वेळ आली. ‘वावटळ’चा ताण मुख्यतः येथे आहे. परक्या शत्रूने घर जाळले तर भाषा सोपी असते. आपल्याच बोलीत बोलणारे लोक दारात उभे राहिले तर कोणत्या भाषेत लिहावयाचे, असा प्रश्न येथे आहे.

माडगूळकरांनी त्याचे उत्तर रचनेतून दिले. पुण्यात राहणारे तरुण हत्येनंतरच्या गोंधळात आपल्या गावाकडे निघतात, अशी या लघुकादंबरीची मांडणी आहे. शहरातून खेड्याकडे जाणारा रस्ता हा मराठी कथेत एरवी सुटकेचा रस्ता असतो. सुट्टी, सण, आई, शेत यांच्याकडे तो नेतो. येथे तोच रस्ता भयाचा झाला आहे. घराकडे जाण्याची ओढ आणि घर उभे असेल की नाही ही शंका एकाच पावलात असतात. वाटेवर इतरांची जळती घरे दिसतात, म्हणजे स्वतःचे घर जळण्यापूर्वीच वाचकाने ते जळताना पाहिलेले असते. शेवटी ती वेळ येते तेव्हा आश्चर्य उरलेले नसते, आणि आश्चर्य नसल्यामुळेच ती अधिक बोचते.

या लेखनात सूडाची भाषा नाही आणि आत्मकरुणेचा पूरही नाही. वाक्ये आखूड आहेत, दृश्ये रेखीव आहेत. माडगूळकर चित्रकार होते, शिकारी आणि वनविद्येचे जाणकार होते. रानात प्राण्याचा माग काढणारा मनुष्य जसा आधी पाहतो आणि मत नंतर बनवितो, तशी त्यांची लेखणी चालते. जमावाचे वर्णन करताना हा स्वभाव विशेष उपयोगी पडला आहे. जमाव हा येथे दुष्टांचा संघ नाही, ती वाऱ्यासारखी एक अवस्था आहे.

कादंबरीचे नावही हेच सांगते. प्रमोद काळे यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, आणि त्याचे नाव ‘विंड्स ऑफ फायर’ असे आहे. इंग्रजी वाचकाला विषय कळावा म्हणून तेथे आग आली. मूळ मराठी नावात आग नाही, केवळ वारा आहे. वावटळ माणदेशातील उन्हाळ्याच्या दिवसांत कोठूनही उठते, पाचोळा, धूळ, चिंध्या उचलून गरगर फिरविते आणि थोड्या वेळाने बसते. ती बसल्यावर शिवार पुन्हा शांत दिसते, मात्र प्रत्येक वस्तू आपल्या जागेवरून हललेली असते. आग ही कोणीतरी लावावी लागते, वावटळीला मात्र कर्ता नसतो. या एका शब्दाने माडगूळकरांनी आपल्या गावकऱ्यांना गुन्हेगार म्हणण्याचे टाळले आहे. ही कादंबरीची नैतिक उंची आहे, आणि तिची मर्यादाही येथेच आहे. गावाशी नाते तुटू नये म्हणून लेखकाने निसर्गाची उपमा स्वीकारली, तिच्यामुळे कर्तृत्वाचा आणि कारणांचा प्रश्न काहीसा धूसर झाला.

माडगूळकरांच्या इतर कृतींशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. ‘बनगरवाडी’मध्ये दुष्काळामुळे वाडी ओस पडते. माणसे जातात, घरे मागे राहतात. तेथे निसर्गच कारण आहे, म्हणून दुःखाला आरोप चिकटत नाही. ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्ष आहे. बळ आणि प्रदेश यांचे नियम तेथे उघडे आहेत आणि लेखक त्यांकडे निर्विकारपणे पाहतो. ‘वावटळ’ या दोहोंच्या मध्ये आहे. तिच्यातील संकट दुष्काळासारखे वरून आलेले नाही आणि टोळीयुद्धासारखे केवळ प्राकृतिकही नाही. ते माणसांनी माणसांवर आणलेले आहे, आणि माणसांचे म्हणून समजून घ्यावे लागते. हे समजून घेण्याच्या उंबरठ्यापर्यंत ‘वावटळ’ वाचकाला नेते. तेथून पुढे जाण्यासाठी दुसरी पुस्तके हवीत.

५

पुढे काय आहे, याचा शोध घेताना इतिहासाकडे वळावे लागते. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, आणि तो आसपासच्या गावांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून तो प्रसिद्ध आहे. या उठावात शेतकऱ्यांचे मुख्य लक्ष्य होते ते कागद. कर्जरोखे आणि वह्या हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. माणसांवरील हिंसा त्या मानाने मर्यादित राहिली. सावकाराला जो ऐवज मोलाचा, तोच कुळाच्या गळ्यातील फास होता. एकाच दप्तराच्या जळण्यात एकाचे सर्वस्व जाते आणि दुसऱ्याची सुटका होते. ‘मोलाची वस्तू’ या शब्दाचा अर्थ कोणाच्या बाजूने लावावयाचा, हा प्रश्न सुप्याच्या आगीने उभा केला आहे. तुकोबांनी स्वतःच्या घरचे कर्जाचे कागद इंद्रायणीत सोडले, ही कथा येथे आठवावी. ज्याच्या मालकीचे कागद त्यानेच ते बुडविले, म्हणून ते कृत्य मुक्तीचे झाले. दुसऱ्याने ते जाळले असते तर त्याला दंगा म्हटले गेले असते.

१९४८च्या आगीमागेही हत्येचा क्षोभ हे एकच कारण नव्हते. जमीन, वतन, कुळे, शिक्षण आणि प्रतिष्ठा यांचे जुने हिशेब त्यात मिसळले होते. त्याच वर्षी मुंबई प्रांतात कूळकायदा आला. आगीने घर गेले आणि कायद्याने शेत गेले, असे पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत घडले, आणि ती शहरांकडे सरकली. यांतील दुसरी गोष्ट सामाजिक न्यायाची होती, पहिली अन्यायाची. परंतु ज्याने दोन्ही भोगल्या त्याच्या आठवणीत त्यांची सरमिसळ झाली. त्या दोहोंना वेगळे करणे, म्हणजे एकाविषयी दुःख मानून दुसरीची आवश्यकता मान्य करणे, हे ज्या प्रौढ कादंबरीला साधेल ती अद्याप मराठीत लिहिली गेलेली नाही.

घर गमावण्याचे दुःख हे घर असणाऱ्यांचेच दुःख आहे, याची जाणीव दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांनी करून दिली. लक्ष्मण माने यांच्या १९८०मध्ये आलेल्या ‘उपरा’तील कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर असते. तेथे कोनाडा नाही, फडताळ नाही, माळ्यावरचे दप्तर नाही. गावाने हाकलले की बिऱ्हाड पुढे निघते. ‘वावटळ’ वाचताना ज्या वस्तूंची जागा हरविल्याचे दुःख होते, ती जागाच ‘उपरा’तील माणसांना कधी मिळालेली नसते. ही दोन पुस्तके एकमेकांना खोडत नाहीत, मात्र दुसरे वाचल्यावर पहिले थोडे वेगळे वाचावे लागते.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला, आणि त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळण्यात आली. दया पवार यांचे ‘बलुतं’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. मराठी वाचक एका दलित माणसाचे जीवन प्रथमच इतक्या जवळून वाचत होता, त्याच वर्षी तशीच माणसे ज्या घरांत राहत होती ती पेटत होती. ही घरे म्हणजे कुडाच्या भिंती आणि पाचटाची छपरे. त्यांत जळाले ते चार भांडी, वाकळा, वर्षाचे धान्य, शाळकरी मुलांची पुस्तके. यादी लहान असते तेव्हा तिच्यातील प्रत्येक वस्तू मोठी असते. विद्यापीठाचा नामविस्तार होण्यास १९९४ उजाडावे लागले.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. तीही आग होती, परंतु ती जाहीर होती, करणाऱ्यांनी तिची जबाबदारी घेतली होती, आणि तिने कोणाचेही छप्पर हिरावले नाही. एका विचाराचे प्रतीक जाळणे आणि माणसाचा आसरा जाळणे या कृती एकाच तराजूत घालता येत नाहीत. घर जाळणारा मनुष्य बहुधा गर्दीत असतो आणि दुसऱ्या दिवशी तो आपले नाव सांगत नाही. त्यामुळे अशा आगीचे साहित्य नेहमी एकाच बाजूने लिहिले जाते. जाळणाऱ्याचे आत्मचरित्र मराठीत नाही. ‘वावटळ’मधील जमाव चेहऱ्याविना राहतो, याला लेखकाच्या संयमाइतकेच हेही कारण असावे.

६

आगीच्या तुलनेत पुराचे साहित्य मराठीत लोकप्रिय झाले. कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता शाळकरी मुलांनाही पाठ असते. पुरात घर वाहून गेलेला विद्यार्थी आपल्या जुन्या शिक्षकांकडे येतो, पैसे नाकारतो आणि केवळ आधाराचा हात मागतो. या कवितेचे बळ तिच्यातील ताठ माणसात आहे. परंतु ती शक्य झाली याचे एक कारण असे की नदीवर राग धरता येत नाही. कवितेतील माणूस नदीला पाहुणी म्हणू शकतो. घर जाळणाऱ्या जमावाला पाहुणा म्हणता येईल काय? पूर ओसरल्यावर चिखल राहतो, भिंतीची ओल राहते, तेथेच पुन्हा भिंत घालता येते. आग विझल्यावर तेथेच घर बांधणे म्हणजे ज्यांनी ते जाळले त्यांच्या शेजारी पुन्हा राहावयास जाणे होय. म्हणून पूरग्रस्त बहुधा परततो, आणि जाळपोळीत घर गेलेला बहुधा गाव सोडतो. आगीनंतरचा ‘कणा’ मराठीत लिहिला गेला नाही, याचा दोष कवींना देता येणार नाही. आगीनंतर पाठीवर हात ठेवणारा कोणी गावात उरला आहे काय, हा प्रश्न कवितेच्या आधीचा आहे.

तरीही परतण्याची उदाहरणे आहेत. माडगूळकर बंधूंचे माडगूळशी नाते तुटले नाही. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर गावी जात, मळ्यातील पत्र्याच्या खोलीत बसून लिहीत. गाव त्या खोलीला ‘बामणाचा पत्रा’ म्हणत असे. या नावात जात आहे, थट्टा आहे आणि आपलेपणाही आहे. ज्या मुलखात १९४८ साली त्याच जातिनामाने घरे ओळखून जाळली गेली, तेथेच तो शब्द पुन्हा सलगीचा होऊ शकला. वावटळ बसल्यानंतरच्या या अवघड, अपुऱ्या आणि तरीही खऱ्या शेजाराची कथा ‘वावटळ’मध्ये येत नाही. तिच्यासाठी माणदेशाविषयी या दोन भावांनी लिहिलेले बाकीचे सर्व साहित्य वाचावे लागते, आणि त्या दृष्टीने ते वाचले गेले पाहिजे.

७

जळालेल्या घराच्या साहित्याकडून वाचकाने काय अपेक्षावे? सांत्वन अपेक्षू नये. गेलेल्या वस्तू शब्दांनी परत येत नाहीत. न्यायनिवाडाही अपेक्षू नये, कारण साहित्य हे न्यायालय नव्हे. अपेक्षा करावी ती अचूक यादीची. कोणाचे घर होते, त्यात काय होते, कोणी जाळले, कोण पाहत उभे होते, नंतर कोण कोठे गेले, आणि ज्याच्याजवळ जळण्याजोगे घरच नव्हते तो त्या वेळी कोठे होता, या सहा गोष्टी जे पुस्तक प्रामाणिकपणे सांगेल ते मोठे. ‘वावटळ’ यांपैकी पहिल्या दोन आणि चौथी उत्तम सांगते, तिसरी सांगताना अडखळते, पाचवी सुचविते आणि सहावी तिच्या दृष्टीच्या टप्प्याबाहेर राहते. हे तिचे मूल्यमापन कठोर वाटेल, परंतु मराठीतील इतर कोणत्याही कादंबरीने या अनुभवात इतकी पावलेही टाकलेली नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे ते गौरवाचेच ठरते.

म्हैसूरच्या त्या वाचनालयाची राख निवल्यावर ठिकठिकाणच्या माणसांनी पुस्तके देऊ केली. ज्या प्रती जळाल्या त्या परत आल्या नाहीत, दुसऱ्या आल्या. त्यांवर दुसऱ्यांची नावे होती, दुसऱ्यांच्या खुणा होत्या. आजच्या ग्रंथालयांत ‘वावटळ’ची प्रत बहुधा कथा-कादंबरीच्या कपाटात सापडते, ‘उपरा’ आणि ‘बलुतं’ आत्मचरित्रांच्या, आणि ‘युगान्त’ तिसऱ्याच ठिकाणी. विद्यार्थ्यांनी ही चार पुस्तके एकदा एकाच मेजावर आणून ठेवावीत. एकाच घराचे चार वासे म्हणून ती वाचता येतात.